फ्लेवर बंद झाला की तलफ कुठे जाते?

२ जानेवारी २०२० रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, ई-सिगारेटच्या फ्लेवरबद्दल आपलं धोरण जाहीर केलं. पॉड किंवा कार्ट्रिज, म्हणजे लिक्विड भरलेली छोटी कुपी, बदलून वापरायच्या व्हेपमध्ये, म्हणजे ई-सिगारेटमध्ये, फळांचे, पुदिन्याचे, मिठाईचे फ्लेवर आता खपवून घेतले जाणार नाहीत, तंबाखू आणि मेन्थॉल एवढेच दोन चालतील, आणि जी कंपनी ऐकणार नाही तिच्यावर फेब्रुवारीपासून कारवाई होईल, असं ते धोरण होतं. मुलांमध्ये सगळ्यात लोकप्रिय असलेली जूल ही पॉडचीच व्हेप असल्यामुळे नेम तिच्यावर होता. पण एकदा वापरून फेकून द्यायच्या डिस्पोजेबल व्हेपना हा नियम सरसकट लागू नव्हता. वरून लिक्विड ओतायची टाकी असलेल्या मोठ्या यंत्रांनाही नव्हता.

म्हणजे आंब्याचा फ्लेवर पॉडमध्ये असेल तर बंद, आणि तोच आंबा, तेच निकोटिन डिस्पोजेबलमध्ये असेल तर दुकानात हजर. शाळकरी मुलांना हे कळायला वेळ लागला नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय युवा तंबाखू सर्वेक्षणात २०१९ मध्ये व्हेप ओढणाऱ्या हायस्कूलच्या मुलांपैकी २.४ टक्के डिस्पोजेबल वापरत होते. २०२० मध्ये हे प्रमाण २६.५ टक्क्यांवर गेलं.

फ्लेवरच्या नियमांचा सगळा गुंता या एका उदाहरणात दिसतो. फ्लेवर चांगला की वाईट, बंदी हवी की नको, यावर तावातावाने वाद होतात. माझ्या मते खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. नियम आला, दुकानातली एक वस्तू गेली, पण तलफ गेली नाही. मग ती तलफ घेऊन माणूस कुठे वळतो? त्या नियमाचं भलंबुरं यावरच ठरतं.

फ्लेवर नेमकं करतो काय

यंत्र तसं साधं आहे. एक बॅटरी, तापणारी तार म्हणजे कॉइल, आणि कापसात मुरलेलं लिक्विड. झुरका ओढला की तार तापते, लिक्विडचे अतिसूक्ष्म थेंब हवेत मिसळतात आणि फुप्फुसात जातात. त्याला सगळे वाफ म्हणतात, पण ती पाण्याची वाफ नव्हे. लिक्विडचा बहुतेक भाग प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचा असतो, त्यात निकोटिन आणि चवीची रसायनं मिसळलेली असतात. होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास आजच्या ई-सिगारेटचं मूळ रूप तयार केलं, ते सिगारेटला पर्याय म्हणून. इथे काही जळत नसल्यामुळे सिगारेटच्या धुरातलं डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड यात नसतं. सिगारेटने होणारे बहुतेक मृत्यू त्या धुरामुळे होतात, निकोटिनमुळे नव्हे. निकोटिन माणसाला बांधून ठेवतं आणि धूर मारतो. या विषयावर काहीही वाचताना हा फरक डोक्यात असलेला बरा.

निकोटिन स्वतः चवीला कडवट असतं आणि घशाला झोंबतं. पहिल्यांदा सिगारेट ओढणाऱ्याला ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं आणि बरेच जण तिथेच थांबतात. शरीराचा हा पहिला पहारा आहे आणि तो तीन गोष्टींनी उठतो. पहिली म्हणजे निकोटिनचे क्षार. निकोटिनमध्ये बेंझोइक आम्ल मिसळलं की ते घशाला कमी लागतं, त्यामुळे लिक्विडमध्ये निकोटिन भरपूर असूनही झुरका सौम्य वाटतो. २०१५ मध्ये बाजारात आलेल्या जूलने हेच केलं. तिच्या पॉडमध्ये निकोटिन ५ टक्के होतं. दुसरी गोष्ट गारवा. मेन्थॉल आणि त्याच्यासारखी रसायनं तोंडा-घशातल्या थंडीची जाणीव देणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतात, त्या गारव्याखाली झोंबणं जाणवत नाही. तिसरी गोष्ट गोड फ्लेवर. कडू औषध पाकात घोळून द्यावं तसं त्याचं काम चालतं.

त्यात वास आला. आंबा, कलिंगड, व्हॅनिला हे वास मुलांच्या ओळखीचे, लाडके असतात. घरात कुणाला संशय येईल असा तो वास नसतो. किशोरवयात मेंदूची जडणघडण चालू असते, त्या काळात निकोटिनची सवय लवकर लागते आणि घट्ट बसते. म्हणून मुलांच्या बाजूने बोलणारे डॉक्टर फ्लेवरच्या मागे हात धुऊन लागले आहेत, आणि त्यांचं चुकत नाही.

चवीच्या रसायनांबद्दल एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. 'खाण्यासाठी सुरक्षित' असा शेरा असलेलं रसायन फुप्फुसात ओढण्यासाठीही सुरक्षित असतं असं अजिबात नाही. लोण्याचा वास देणारं डायअॅसिटिल खाल्लं तर काही होत नाही. पण २००० च्या सुमारास अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांनी त्याच्या वाफा रोज श्वासातून घेतल्या आणि त्यांच्या फुप्फुसातल्या बारीक वायुनलिका कायमच्या आकसल्या. ब्रिटनमध्ये व्हेपच्या लिक्विडमध्ये डायअॅसिटिल घालायला बंदी आहे, ती याच अनुभवातून. व्हेपच्या चवीत वापरली जाणारी रसायनं शेकड्यांनी आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांचा अभ्यास पोटाच्या अंगाने झाला आहे, फुप्फुसाच्या अंगाने नाही.

तोच फ्लेवर, दुसरा माणूस

आता वीस वर्षं रोज पाकीटभर सिगारेट ओढणारा माणूस घ्या. त्याला सुटायचं आहे. निकोटिनचे पॅच लावून झाले, च्युइंगम चघळून झाले. व्हेपने त्याची तलफ भागते, हाताला सवयीचा चाळा राहतो. असे बरेच जण सांगतात की तंबाखूच्या चवीची व्हेप ओढली की सिगारेटचीच आठवण येते, आणि फळाची चव लागली की सिगारेट उलट घाण वाटायला लागते.

हे नुसतं सांगोवांगी नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सिगारेट सोडायला मदत करणाऱ्या सरकारी केंद्रांत आलेल्या ८८६ जणांपैकी काहींना ई-सिगारेट दिली, काहींना पॅच, च्युइंगमसारखे पर्याय दिले, आणि समुपदेशन दोघांनाही दिलं. वर्षभराने पहिल्या गटातले १८ टक्के सिगारेटपासून दूर होते, दुसऱ्या गटातले ९.९ टक्के. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्टही सांगायलाच हवी. ई-सिगारेटच्या मदतीने सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षभरानंतरही ई-सिगारेट वापरतच होते. म्हणजे धूर सुटला, निकोटिन सुटलं नाही.

सरकारसमोरचा पेच हा असा आहे. एकाच फ्लेवरने पंधरा वर्षांचं मूल व्यसनात ओढलं जातं आणि पंचेचाळिशीचा माणूस धुरातून बाहेर पडतो. दोघेही खरे आहेत. यातल्या एकालाच बघून लिहिलेला नियम दुसऱ्याला भोवतो.

अमेरिकेची गोष्ट, पळवाटेमागून पळवाट

अमेरिकेने २००९ मध्ये तंबाखू नियंत्रणाचा मोठा कायदा केला आणि त्याच वर्षी सप्टेंबरपासून सिगारेटमधले फळांचे, मसाल्यांचे, मिठाईचे फ्लेवर बंद केले. मेन्थॉल तेवढा ठेवला. तेव्हा ई-सिगारेट नुकत्याच येऊ लागल्या होत्या. एफडीएने त्यांना औषध मानून अडवायचा प्रयत्न केला. न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं की कंपनी 'याने व्यसन सुटेल' असा औषधी दावा करत नसेल तर ही वस्तू औषध नव्हे, तंबाखू-उत्पादन. मग तंबाखूचा कायदा ई-सिगारेटला लागू करणारा नियम यायला ऑगस्ट २०१६ उजाडला. मधल्या काळात बाजार वाढतच होता.

त्या नियमानुसार प्रत्येक व्हेपला विक्रीआधी परवानगी हवी. पण बाजारात आधीच असलेल्या मालाला अर्ज करायला मुदत दिली गेली, आणि ती मुदत पुढे ढकलली गेली. एकदा तर थेट २०२२ पर्यंत. शेवटी आरोग्य संघटना न्यायालयात गेल्या तेव्हा ती अलीकडे आली आणि ९ सप्टेंबर २०२० ठरली. या ढकलाढकलीच्या काळात काय झालं ते आकडे सांगतात. महिन्याभरात एकदा तरी व्हेप ओढलेल्या हायस्कूलच्या मुलांचं प्रमाण २०१७ मध्ये ११.७ टक्के होतं, २०१८ मध्ये २०.८ आणि २०१९ मध्ये २७.५. दर चार मुलांमागे एकाहून जास्त. माझ्या मते अमेरिकेची सगळ्यात मोठी चूक पुढच्या कुठल्याही बंदीत नाही, ती या वाया घालवलेल्या वर्षांत आहे. सवय लागण्याआधी अडवणं सोपं असतं. लाखो मुलांना सवय लागल्यावर वस्तू काढून घेतली की ती दुसरीकडून मिळवली जाते.

त्यात २०१९ चा उत्तरार्ध आला. व्हेप ओढणारे तरुण एकाएकी फुप्फुसं निकामी होऊन रुग्णालयात दाखल व्हायला लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. देशभर घबराट पसरली. काही राज्यांनी तातडीने फ्लेवरवर बंदी घातली, मॅसॅच्युसेट्सने तर काही काळ सगळ्याच व्हेपची विक्री थांबवली. तपासात मुख्य दोषी निघालं ते व्हिटॅमिन ई अॅसिटेट. ते प्रामुख्याने टीएचसीच्या, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या रसायनाच्या, चोरट्या बाजारात विकल्या जाणाऱ्या कार्ट्रिजमध्ये घातलं जात होतं. दुकानातल्या फ्लेवरच्या निकोटिनशी त्याचा संबंध जोडला गेला नाही, पण लोकांच्या मनात दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या त्या झाल्याच. या प्रकरणातून धडा घ्यायचा तर तो असा होता की ज्या बाजारात घटक तपासणारं कुणीच नसतं, तो बाजार वाढू देणं सगळ्यात घातक. घेतला गेला तो मात्र वेगळाच.

जानेवारी २०२० च्या धोरणाने पॉड अडवले, मुलं डिस्पोजेबलकडे वळली. पफ बार नावाच्या डिस्पोजेबलला एफडीएने नोटीस दिली. ती काही काळ नाहीशी झाली आणि २०२१ मध्ये परतली, या वेळी प्रयोगशाळेत बनवलेलं निकोटिन घेऊन. कायद्यातली व्याख्या होती 'तंबाखूपासून बनलेलं'. हे निकोटिन तंबाखूपासून बनलेलं नव्हतं, म्हणून एफडीएचा अधिकार चालत नाही, असा पवित्रा. त्या वर्षी मुलांमध्ये सर्वाधिक वापरला गेलेला ब्रँड पफ बारच होता. मार्च २०२२ मध्ये संसदेने व्याख्या बदलली, निकोटिन कुठूनही आलेलं असो, ते कायद्याखाली आलं. त्यानंतर बाजारात ६-मिथाइल निकोटिन दिसू लागलं. निकोटिनसारखाच रेणू, थोडा बदललेला, म्हणून 'हे निकोटिनच नव्हे' असा दावा.

हा क्रम एवढ्या तपशिलात सांगायचं कारण आहे. कायदा वस्तूची व्याख्या करतो आणि कंपनी त्या व्याख्येच्या कडेला पुढची वस्तू बनवते. कायदा बदलायला दोन-तीन वर्षं लागतात, साचा बदलायला काही आठवडे.

परवानगीची परीक्षा

सप्टेंबर २०२० च्या मुदतीपर्यंत एफडीएकडे ५०० हून जास्त कंपन्यांचे अर्ज आले, आणि त्यातल्या उत्पादनांची संख्या होती ६५ लाखांच्या वर. एवढी कशी? प्रत्येक फ्लेवर, त्यातलं निकोटिनचं प्रत्येक प्रमाण, बाटलीचा प्रत्येक आकार हे वेगळं उत्पादन धरलं जातं. एखाद्या छोट्या लिक्विडवाल्याचीच हजारो उत्पादनं होतात.

कसोटी काय, तर या वस्तूला परवानगी देणं एकूण सार्वजनिक आरोग्याच्या हिताचं आहे का. सिगारेट सोडणाऱ्यांचा फायदा एका पारड्यात, नव्याने सवय लागणाऱ्यांचं नुकसान दुसऱ्यात. गोड फ्लेवर मुलांना ओढतात याचा पुरावा भक्कम असल्यामुळे एफडीए म्हणालं, तुमचा फ्लेवर तंबाखूच्या चवीच्या व्हेपपेक्षा जास्त लोकांची सिगारेट सोडवतो हे दाखवा. ते दाखवायला लोकांचे गट करून, बराच काळ त्यांच्यावर लक्ष ठेवून अभ्यास करावा लागतो. अशा अभ्यासाचा खर्च बड्या तंबाखू कंपनीला पेलतो, चार माणसांच्या लिक्विडच्या धंद्याला नाही. २०२१ मध्ये अर्ज लाखोंनी फेटाळले गेले. ऑक्टोबर २०२१ मध्ये पहिली परवानगी मिळाली ती आर. जे. रेनॉल्ड्स या सिगारेट कंपनीच्या व्हूज सोलो या व्हेपला, तंबाखूच्या चवीत. मेन्थॉलला पहिली परवानगी जून २०२४ मध्ये मिळाली, एन्जॉय या ब्रँडला. हा ब्रँड तोवर मार्लबोरो सिगारेट विकणाऱ्या आल्ट्रिया या कंपनीच्या मालकीचा झाला होता. जुलै २०२५ पर्यंत परवानगी मिळालेली ई-सिगारेटची उत्पादनं होती ३९, सगळी तंबाखूच्या किंवा मेन्थॉलच्या चवीची.

फेटाळलेल्या कंपन्या न्यायालयात गेल्या. एफडीएने आधी सांगितलं की लांबलचक अभ्यास लागेलच असं नाही, आणि नंतर त्याच अभ्यासाच्या अभावी अर्ज फेटाळले, खेळ मध्यावर असताना नियम बदलले, ही त्यांची तक्रार. एका अपील न्यायालयाने ती मान्यही केली होती. २ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एफडीएच्या बाजूने कौल दिला. कायद्याच्या दृष्टीने तो योग्य असेल. तरी निष्पन्न काय झालं ते बघावं. मुलांना वाचवण्यासाठी बांधलेल्या या चाळणीतून कायदेशीर व्हेपच्या बाजारात उरल्या त्या प्रामुख्याने सिगारेट विकणाऱ्याच कंपन्या.

आणि मुलांचं काय? इथे प्रामाणिकपणे सांगायचं तर सुधारणा मोठी आहे. २०१९ मध्ये शाळकरी व्हेपवाल्यांची संख्या ५० लाखांवर होती, २०२४ मध्ये १६.३ लाखांवर आली. हायस्कूलमधलं प्रमाण ७.८ टक्के. मुलं व्हेप सोडून सिगारेटकडे वळतील ही भीती देशपातळीवर तरी खरी ठरली नाही. माध्यमिक आणि हायस्कूलच्या मुलांत सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण २०२४ मध्ये १.४ टक्के, म्हणजे सर्वेक्षण सुरू झाल्यापासूनचं सर्वात कमी. श्रेय एकट्या फ्लेवरच्या नियमांना देता येत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये विक्रीसाठीचं किमान वय १८ वरून २१ झालं, कोरोनात शाळा बंद झाल्या, जूलची बदनामी झाली. पण त्याच २०२४ च्या सर्वेक्षणातला एक आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो. अजूनही व्हेप ओढणाऱ्या मुलांपैकी ८७.६ टक्के मुलं फ्लेवरवालीच ओढत होती. म्हणजे ज्याला परवानगीच नाही तो माल.

तो माल येतो कुठून

जगातल्या बहुतेक व्हेप चीनमधल्या शेन्झेन शहराच्या परिसरात बनतात. चीनने ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या देशात तंबाखूशिवाय दुसऱ्या चवीच्या व्हेप विकायला बंदी केली, निर्यात मात्र चालू ठेवली. स्वतःच्या मुलांना नको असलेला माल जहाजाने, विमानाने बाहेर जातो.

लॉस एंजेलिसच्या विमानतळावर तीन दिवसांच्या तपासणीत सुमारे १४ लाख व्हेप सापडल्याचं डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झालं. किंमत १.८ कोटी डॉलर. कागदोपत्री त्यातला बराच माल खेळणी, बूट अशा नावांनी आला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये शिकागोतल्या जप्तीचा आकडा जाहीर झाला तो ४७ लाख नगांचा, किंमत ८.६५ कोटी डॉलर. मे २०२३ मध्ये एल्फ बार या डिस्पोजेबल ब्रँडच्या आयातीवर अमेरिकेत निर्बंध आले, तर तोच माल दुसऱ्या नावाच्या वेष्टनात आला. दुकानदाराला फक्त नव्या खोक्यासाठी फळीवर जागा करावी लागली.

इथे नुकसान कुणाचं होतं? जो फ्लेवर बंद केला तो मिळतोच आहे. मात्र आता त्यातलं निकोटिन किती, रसायनं कोणती, बॅटरी कशी, याला कुणी जबाबदार नाही. चोरून विकणारा वय विचारत नाही. आणि परवानगीच्या रांगेत उभं राहून पैसे आणि वर्षं घालवणारा मूर्ख ठरतो. नियम पाळणाऱ्याला तोटा आणि मोडणाऱ्याला ग्राहक, अशी स्थिती फार काळ राहिली की नियमावरचा विश्वासच उडतो.

सॅन फ्रान्सिस्कोचा वाद

फ्लेवर गेला की लोक सिगारेटकडे परततात का? या प्रश्नावर सगळ्यात जास्त उद्धृत झालेला अभ्यास सॅन फ्रान्सिस्कोचा आहे. तिथल्या मतदारांनी २०१८ मध्ये फ्लेवरच्या सगळ्या तंबाखू-उत्पादनांवरची बंदी मंजूर केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष होता की बंदीनंतर तिथल्या हायस्कूलच्या मुलांनी सिगारेट ओढण्याची शक्यता इतर शहरांच्या तुलनेत दुपटीहून जास्त झाली. बंदीच्या विरोधकांनी हे वाक्य जगभर फिरवलं. पुढे दुसऱ्या संशोधकांनी लक्षात आणून दिलं की ज्या पाहणीवर हा निष्कर्ष उभा आहे ती २०१८ च्या शेवटी झाली होती आणि बंदीची प्रत्यक्ष अंमलबजावणी सुरू झाली जानेवारी २०१९ मध्ये. ज्याची अंमलबजावणीच सुरू नव्हती त्याचा परिणाम मोजला कसा?

एवढ्यावर विषय संपला असता तर बरं झालं असतं. पण नंतर अमेरिकेतल्या ४४ राज्यांच्या विक्रीचे आकडे तपासणारा वेगळा अभ्यास आला. फ्लेवरवर निर्बंध असलेल्या ठिकाणी व्हेपच्या लिक्विडची विक्री जेव्हा ०.७ मिलीलिटरने, म्हणजे साधारण एका पॉडएवढी, कमी झाली, तेव्हा सिगारेटची विक्री सुमारे १५ नगांनी वाढलेली दिसली. हा अभ्यास दुकानांतल्या नोंदींवर आधारलेला आहे, चोरट्या विक्रीचा हिशेब त्यात येत नाही, हे त्याचं उणं. तरी त्याकडे डोळेझाक करता येणार नाही. मुलांच्या बाबतीत भीती खरी ठरली नाही म्हणून मोठ्यांच्या बाबतीतही ठरणार नाही, असं धरून चालणं मला धोक्याचं वाटतं. वीस वर्षांची तलफ असलेल्या माणसाचं पाऊल मुलापेक्षा फार लवकर सिगारेटकडे वळतं, कारण तो रस्ता त्याच्या पायाखालचा असतो.

बाकीच्यांनी काय केलं

भारताने २०१९ मध्ये ई-सिगारेटची निर्मिती, आयात, विक्री आणि जाहिरात सगळंच बंद केलं. फ्लेवरचा वेगळा प्रश्न कायद्यात उरलाच नाही. सिगारेट आणि बिडी मात्र कायदेशीर राहिल्या.

ऑस्ट्रेलियाने व्हेप औषधाच्या दुकानात नेली. जुलै २०२४ पासून फक्त तिथेच विक्री, आणि फ्लेवर तीनच, तंबाखू, पुदिना, मेन्थॉल. कागदावर हा उत्तम मधला मार्ग वाटतो, सोडू पाहणाऱ्याला मिळेल आणि मुलाला मिळणार नाही. पण बऱ्याच औषध दुकानांनी व्हेप ठेवायलाच नकार दिला. त्याच देशात सिगारेटवरचा कर जगातल्या सर्वाधिक करांपैकी आहे. चोरट्या तंबाखूचा आणि व्हेपचा धंदा एवढा वाढला की २०२३ पासून मेलबर्न आणि परिसरातल्या शंभरावर दुकानांना टोळ्यांच्या भांडणात आगी लावल्या गेल्या. तंबाखूच्या धोरणामुळे शेजाऱ्याचं दुकान जळेल याचा हिशेब आरोग्य खात्याच्या टिपणात नसतो, तो असायला हवा.

ब्रिटन दुसऱ्या टोकाला होता. २०१५ मध्ये तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने व्हेप सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी घातक असल्याचा अंदाज मांडला. आकडा वादग्रस्त ठरला, पण धोरण त्या दिशेने गेलं. निकोटिनची मर्यादा मिलीलिटरला २० मिलिग्रॅम, म्हणजे जूलच्या अमेरिकेतल्या पॉडपेक्षा कितीतरी कमी, आणि फ्लेवर खुले. कित्येक वर्षं मुलांमध्ये व्हेपचं प्रमाण कमी होतं. मग २०२१ नंतर स्वस्त, रंगीत डिस्पोजेबल आल्या आणि चित्र पालटलं. १ जून २०२५ पासून तिथे डिस्पोजेबल बंद झाल्या. कंपन्यांनी त्याच रूपाच्या, तेच फ्लेवर असलेल्या, पण चार्ज करता येणाऱ्या आणि पॉड बदलता येणाऱ्या व्हेप आणल्या, किंमतही जवळपास तीच. अमेरिकेत नियमाने मुलांना पॉडकडून डिस्पोजेबलकडे ढकललं, ब्रिटनमध्ये डिस्पोजेबलकडून पॉडकडे.

न्यूझीलंडची रीत मला जास्त विचार करून केलेली वाटते. साध्या दुकानात तीनच चवी, आणि बाकीचे फ्लेवर फक्त व्हेपच्या खास दुकानात, जिथे अठरा वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही. तिथेही खास दुकानांचं पेव फुटलं आणि मुलांपर्यंत माल पोहोचलाच, त्यामुळे पुढे नियम कडक करावे लागले. पण फ्लेवर कोणाच्या हातात जातो हा प्रश्न तरी त्यांनी विचारला. नुसता फ्लेवर मोजला नाही.

मेन्थॉलचं पाकीट

सगळ्या चर्चेत एक वस्तू बाजूला राहते, ती म्हणजे मेन्थॉलची सिगारेट. अमेरिकेत २००९ च्या कायद्यातून ती सुटली. घशाला गारवा देऊन झोंबणं लपवायचं जे काम व्हेपमध्ये घातक ठरवलं गेलं, तेच काम ती करते, आणि वर धूर देते. तिचा सर्वाधिक खप कृष्णवर्णीय धूम्रपान करणाऱ्यांमध्ये आहे, आणि त्यांच्यापर्यंत ती पोहोचावी म्हणून कंपन्यांनी दशकानुदशकं जाहिराती केल्या. एप्रिल २०२२ मध्ये एफडीएने तिच्यावर बंदीचा प्रस्ताव मांडला. तो लांबत गेला आणि जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला.

मॅसॅच्युसेट्स आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी फ्लेवरच्या व्हेप आणि मेन्थॉलच्या सिगारेट दोन्ही बंद केल्या. कॅलिफोर्नियात तर कंपन्यांनी कायदा रोखण्यासाठी सार्वमत घडवून आणलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये मतदारांनी कायद्याच्या बाजूने कौल दिला. मग तिथे मेन्थॉल नसलेल्या, पण गारवा देणारं दुसरं बिनवासाचं रसायन घातलेल्या सिगारेट आल्या. मॅसॅच्युसेट्सचं चोरट्या तंबाखूविरोधी पथक शेजारच्या राज्यांतून येणारा माल पकडत असतं. तरीही या दोन राज्यांच्या नियमात एक सरळपणा आहे. जास्त घातक वस्तू सहज मिळावी आणि कमी घातक वस्तू मिळू नये, अशी उलटी मांडणी त्यांनी केली नाही. देशाच्या बहुतेक भागात आजही ती तशीच आहे. व्हेपवर आलेला आणि फळाचा फ्लेवर हरवून बसलेला माणूस दुकानात गेला, तर त्याच्यासाठी मेन्थॉलच्या सिगारेटचं पाकीट तिथे कायदेशीरपणे ठेवलेलं असतं, आणि ते विकायला दुकानदाराला कुणाला काही सिद्ध करून दाखवावं लागत नाही.